थकलेल्या वाफ्याला आधी कर्ब हवा

वाफ्यातलं सुपारीएवढं ढेकूळ सावलीत पूर्ण वाळवा आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. दुसऱ्या ग्लासात एखाद्या जुन्या झाडाखालचं, कधी कुदळ न लागलेलं ढेकूळ सोडा. थकलेल्या वाफ्यातलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांतच फुटून तळाशी बसतं. झाडाखालचं बराच वेळ आकार धरून राहतं. एकाच आवारातल्या या दोन मातींच्या खनिजांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनचा, आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणू-बुरशींचा. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे कण बांधून ठेवतात, मधल्या पोकळ्यांतून पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते. कर्ब संपला की वाफ्यात पाणी तुंबतं, वाळल्यावर वर कडक पापुद्रा येतो आणि वरून घातलेल्या खताचाही पिकाला पुरेसा उपयोग होत नाही.

आपल्या हवेत हा कर्ब लवकर संपतो. उन्हाळ्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो, आणि दर खणणीला आत शिरणाऱ्या हवेमुळे सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं कुजून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात उडून जातात. म्हणून वाफा कमीत कमी खणा आणि वर्षभर झाकलेला ठेवा. दोन-तीन इंच वाळल्या पाल्याचं आच्छादन पुरतं. फाल्गुन-चैत्रात गल्लोगल्ली पाल्याचे ढीग पेटवलेले दिसतात तेव्हा खरंच जीव तुटतो. मातीचं अन्नच आपण जाळत असतो.

मात्र कच्चा पाला मातीत मिसळू नका. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र (नायट्रोजन) लागतं. वाळल्या पानांत कर्ब याच्या दुप्पटही असतो, लाकडाच्या भुशात तर कित्येक पट. मग कमी पडलेलं नत्र जिवाणू मातीतून ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. भाजीची देठं, फळांच्या साली यांत नत्र भरपूर असतं. म्हणून एक घमेलं ओल्या कचऱ्याला दोन-तीन घमेली पाला आणि वर मूठभर जुनं खत असा ढीग लावा. मूठ आवळली की जेमतेम थेंब यावा इतकीच ओल हवी. मधूनमधून हलवत राहिलात तर तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वाफ्यात येते.

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली. ती त्याच वाफ्यात पुन्हापुन्हा लावली की त्यांचे रोग आणि मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, म्हणजे सूत्रकृमी, तिथे मुक्काम ठोकतात. मध्ये चवळीचं एक पीक घ्या. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड खुरप्यानं मातीसकट उचला. ओढून काढलंत तर मुळांवरच्या गाठी मातीतच राहतील. मुळं पाण्यात धुऊन एक गाठ नखानं कापा. आतून गुलाबी-लाल दिसली तर तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं निकामी होतं, म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुरवतं.

सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात, त्यामुळे घोटाळा होतो. चवळीच्या उपयोगी गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटानं सहज सुटतात. सूत्रकृमींमुळे मूळच फुगतं, ती गाठ सुटत नाही. तशा गाठी दिसल्या तर पुढच्या हंगामात तिथे दाट झेंडू लावा. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक ठरतात.

शेंगा भरल्या की चवळीतलं बरंचसं नत्र दाण्यांत जातं. माती सुधारायची असेल तर फुलोऱ्यातच झाडं जमिनीलगत कापा, पाला वर पसरा, मुळं आत राहू द्या. ताग घेतलात तर तोही असाच, फुलोऱ्याच्या आधी.

राखेबद्दल नेहमी विचारलं जातं. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत चुलीची राख थोडी थोडी घालायला हरकत नाही. देशावरची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते. तिथे राख नकोच, आणि अंड्याच्या टरफलांचाही फारसा फायदा नाही.