डेस्कटॉपमागं धबधबा सोडला की कॉम्प्युटरची झोप उडते

डेस्कटॉपवर फोटोच्या जागी हलता व्हिडिओ लावायची हौस काही आजची नाही. मायक्रोसॉफ्टनं २००७ मधे व्हिस्टाच्या अल्टिमेट आवृत्तीला ड्रीमसीन नावानं ही सोय दिलेली, विंडोज ७ मधे काढून घेतली, आणि मग हे काम बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी उचललं. पैसे मोजायची तयारी असंल तर वॉलपेपर इंजिन, फुकटात पाहिजे असंल तर लाइव्हली वॉलपेपर. म्हणजे एप्रिल-मेमधे आमच्या मराठवाड्यात बाहेर सगळं करपून गेलेलं असताना स्क्रीनवर वेरूळच्या २९ नंबरच्या लेणीजवळचा पावसाळ्यातला धबधबा पडत ठेवता येतो, त्यात अवघड काहीच नाही. मजा आहे ती मागं काय चालतं त्यात.

पहिली गोष्ट, व्हिडिओ आयकॉनच्या मागं जातो कसा? कारण साधा प्लेअर उघडला तर तो आयकॉनवर येऊन बसतो. विंडोजमधे डेस्कटॉप ही पण एक विंडोच आहे, तिचं आतलं नाव प्रोगमॅन, आणि आयकॉन तिच्यातल्या वेगळ्या थरावर असतात. या प्रोगमॅनला एक विशिष्ट मेसेज पाठवला की आयकॉनच्या मागं वर्करडब्ल्यू नावाची आणखी एक विंडो तयार होते, आणि वॉलपेपरवाली सॉफ्टवेअर आपला व्हिडिओ गुपचूप तिच्यात नेऊन बसवतात. जत्रेतल्या तंबूत पात्रं पुढं उभी असतात आणि मागचा रंगवलेला पडदा बदलतात ना, तसं. हा मेसेज मायक्रोसॉफ्टनं कुठं अधिकृतपणे लिहून दिलेला नाही, लोकांनी शोधून काढलेला जुगाड आहे, म्हणून तर २०२४ च्या विंडोज ११ च्या मोठ्या अपडेटमधे आतली रचना बदलली आणि असली बरीच सॉफ्टवेअर गडबडली.

आता मुद्द्याचं. साधा फोटो लावलेला असतो आणि तुम्ही माउसला हात लावत नाही तेव्हा कॉम्प्युटर बहुतेक वेळ चक्क झोपा काढतो. स्क्रीनवर काही बदललंच नाही तर विंडोज नवीन चित्र रचायच्या भानगडीत पडत नाही, प्रोसेसर मिलिसेकंदांच्या डुलक्या घेतो, आणि काही लॅपटॉपमधे तर स्क्रीनच्याच आत छोटी मेमरी असते, तिच्यातलं शेवटचं चित्र पॅनेल आपलं आपणच दाखवत राहतं, ग्राफिक्स चिपला विचारत पण नाही. बॅटरी टिकते ती या डुलक्यांच्या जोरावर. व्हिडिओ लावला की सेकंदाला ३० वेळा या सगळ्यांना हलवून उठवायचं, दिवसभर, तुम्ही बघा नाहीतर बघू नका.

आणि उठवून करायला लावायचं काय, तर फुल एचडीच्या एका फ्रेममधे, म्हणजे व्हिडिओतल्या एका चित्रात, १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, प्रत्येकाला रंगाचे ३ बाइट धरले तर एक फ्रेम ६२ लाख बाइटची, आणि सेकंदाच्या ३० फ्रेम म्हणजे जवळपास १८७ एमबी. दर सेकंदाला! दहा सेकंदांची क्लिप पावणेदोन जीबीच्या वर जाईल. ती आपल्याला थोड्याशा एमबीत मिळते कारण तिच्यात प्रत्येक फ्रेम अख्खी ठेवलेलीच नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या फ्रेमसाठी नुसत्या सूचना, की हा चौकोन मागच्या फ्रेममधून उचल, चार ठिपके उजवीकडं सरकव आणि एवढा फरक त्यात मिळव. हा फरक लिहायचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासोबत १९७४ मधे मांडलं, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. फोटोच्या जेपीईजी फायलीत तेच आहे, आणि २००३ पासून चालत आलेल्या एच.२६४ व्हिडिओत त्याचाच पूर्णांकातला भाऊ बसलाय.

त्यामुळं कोणता सीन निवडता याला लई महत्त्व आहे बगा. ट्रायपॉडवरनं शूट केलेला बीबी का मकबरा घेतला, मिनार जागचे हलत नाहीत, नुसते ढग सरकतात आणि एखादं कबुतर उडतं, तर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळून फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, खुश, फाइल बारीक. उलट धबधबा किंवा वाऱ्यावर डोलणारी ज्वारी म्हणजे त्याची परीक्षाच, प्रत्येक थेंब अन् प्रत्येक पान वेगळ्या दिशेला, मागच्या फ्रेममधून उचलायला सारखा तुकडाच सापडत नाही. व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड होऊन आलेला धबधब्याचा व्हिडिओ मोठा करून बघा, बाजूचा काळा खडक बऱ्यापैकी दिसंल आणि पाण्याचे मात्र चौकोनी चौकोनी ठिगळ झालेले असतात. तेच ते चौकोन. असला व्हिडिओ २४ इंची स्क्रीनवर पसरवायचा म्हणजे डोळ्याला त्रास. जीआयएफच्या तर नादीच लागू नका, १९८७ चा फॉरमॅट, एका चित्रात २५६ च रंग, सरकवायची सोय नाही, त्यामुळं फाइल पण अवाढव्य.

माझ्या भाच्यानं, लातूरला क्लासला असतो तो, सेकंडहँड लॅपटॉपवर मोबाईलमधला व्हिडिओ जसाच्या तसा लावला आणि रात्री फोन, "मामा, काहीच उघडलेलं नाही तरी फॅन नुसता बोंबलायलाय." टास्क मॅनेजर उघडायला लावला तर प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर आणि ग्राफिक्सच्या पानावरचा व्हिडिओ डिकोडचा आलेख जमिनीला टेकलेला. इथंच रोग कळतो. व्हिडिओ उलगडायला चिपमधे वेगळं छोटं सर्किट असतं, ते हे काम अगदी कमी विजेत करतं, पण त्याला ठरलेलेच फॉरमॅट येतात. आजकालचे बरेच फोन एच.२६५ मधे, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या फॉरमॅटमधे, शूट करतात, आणि उदाहरणार्थ इंटेलच्या प्रोसेसरमधे त्याचं पूर्ण सर्किट आलं ते सहाव्या पिढीत, २०१५ मधे. त्याच्या आधीची मशीन असंल तर बराचसा भार मुख्य प्रोसेसरवर, तो तापणार, फॅन बोंबलणार. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून क्लिप एच.२६४ मधे करून घेतली आणि प्रश्न मिटला. वर त्याची क्लिप होती ४के ची आणि स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, म्हणजे स्क्रीनवर मावतात त्याच्या जवळपास आठपट ठिपके उलगडायचे आणि मग आटवून दाखवायचे, काऊन? स्क्रीनच्या मापाचीच क्लिप घ्या. फ्रेमरेट ३० बास, स्क्रीन सहसा ६० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करते, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा बसते, २४ ची घेतली तर काही फ्रेम दोनदा काही तीनदा आणि हळू सरकणारे ढग अडखळल्यासारखे वाटतात.

सेटिंगमधे दोन गोष्टी मात्र नक्की बघा. एक, दुसरी विंडो पूर्ण स्क्रीनवर असली की व्हिडिओ थांबावा, नाहीतर तुम्ही एक्सेलमधे बसलेले आणि मागं कुणाला न दिसणारा धबधबा वीज खातोय. दुसरी, लॅपटॉप बॅटरीवर गेला की थांबावा. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा ही दुसरी आधी टिक करा.