द्विसांस्कृतिकता

घरात एक आणि घराबाहेर दुसरी अशा दोन संस्कृतींत लहानाचे मोठे होताना घडणारी दुहेरी ओळख. ही संज्ञा मुख्यत्वे स्थलांतरितांच्या मुलांना लावतात. भिन्नवंशीय मातापित्यांच्या अपत्यांनाही ती लागू पडते.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांच्या ‘सीमांत मानवा’त (१९२८), म्हणजे दोन संस्कृतींच्या सीमेवर जगणाऱ्या व कोणत्याही एकीत पूर्ण न सामावणाऱ्या माणसाच्या कल्पनेत, शोधला जातो. पार्क यांनी बर्लिनमध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांची व्याख्याने ऐकली होती आणि झिमेल यांच्या ‘परका’ (१९०८) या विवेचनाची छाया त्यांच्या मांडणीवर स्पष्ट दिसते. काही अभ्यासक हे मूळ कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या ‘दुहेरी जाणिवे’पर्यंत (१८९७) मागे नेतात. कालदृष्ट्या ती आधीची खरी. पण तेथे प्रश्न आहे तो तुच्छ लेखणाऱ्या समाजाच्या नजरेतून स्वतःकडे पाहावे लागण्याचा. स्थलांतरिताची ओढाताण निराळी असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ‘तिसरी संस्कृती’ हा शब्दप्रयोग जॉन व रूथ युसीम या दांपत्याच्या, १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकनांवर केलेल्या अभ्यासातून आला. मुळात तो दोन समाजांत दुवा साधणाऱ्यांच्या सामायिक जीवनपद्धतीविषयी होता. पुढे तो त्यांच्या मुलांनाच चिकटला.

कौटुंबिक वारशाकडे परतण्याच्या प्रवृत्तीबाबत इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांचे सूत्र प्रसिद्ध आहे : मुलगा जे विसरू पाहतो, ते नातू आठवू पाहतो. हे सूत्र त्यांनी १९३७ मध्ये इलिनॉयमधील रॉक आयलंड येथील व्याख्यानात मांडले. श्रोते स्वीडिश स्थलांतरितांच्या इतिहासमंडळाचे, म्हणजे वारसा शोधायलाच जमलेले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. त्याला नियम म्हणणे धाडसाचे ठरेल. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी (१९७९) अशा ओढीला ‘प्रतीकात्मक वांशिकता’ म्हटले : सणवार, खाद्यपदार्थ यांपुरता, रोजच्या जगण्याला अडसर न होणारा वारसा.

दोन संस्कृतींशी जुळवून घेण्याचे जॉन बेरी यांचे चार प्रकार मानसशास्त्रात रूढ आहेत : सात्मीकरण (मूळ संस्कृती सोडून नवी स्वीकारणे), विलगता (मूळ संस्कृतीलाच धरून राहणे), समन्वय (दोन्ही जपणे) व सीमांतीकरण (दोन्हींपासून दुरावणे). २००० च्या सुमाराच्या प्रयोगांत चिनी-अमेरिकन तरुणांना आधी एखाद्या संस्कृतीची प्रतीके दाखवून, मग थव्यापुढे पोहणाऱ्या माशाच्या वागण्याचे कारण विचारले. अमेरिकन प्रतीके पाहिलेल्यांनी ते माशाच्या स्वभावात, तर चिनी प्रतीके पाहिलेल्यांनी थव्यात अधिक शोधले. ज्यांना आपल्या दोन्ही ओळखी परस्परविरोधी वाटत होत्या, त्यांच्यात हा कल उलटा आढळला.