उकळत्या पातेल्यातला शरद: घर सुगंधित करण्याच्या एका अमेरिकन प्रथेची पार्श्वभूमी

सप्टेंबर सरत आला की अमेरिका आणि कॅनडातील अनेक घरांत शेगडीवर एक पातेले चढते. त्यात शिजते ते खाण्यासाठी नसते. संत्र्याची साल, सफरचंदाच्या चकत्या, दालचिनीचे दोन-तीन तुकडे, मूठभर लवंगा, एखादे चक्रीफूल आणि भरपूर पाणी एवढे घालून ते मंद आचेवर तासन्‌तास ठेवले जाते आणि वाफेबरोबर सुटणारा वास घरभर पसरू दिला जातो. ‘सिमर पॉट’ किंवा ‘उकळती पोपुरी’ (पोपुरी म्हणजे सुगंधासाठी ठेवलेले फुले-मसाल्यांचे मिश्रण) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराचे वर्णन बहुधा ‘आजीच्या काळापासून चालत आलेली पद्धत’ असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. सुगंधी वाफेने खोली भरण्याची कल्पना चार शतकांहून जुनी आहे, फुले आणि मसाले मुरवून बरणीत ठेवण्याची रीत तिच्यापेक्षा वेगळी आहे, आणि या दोहोंचा शरद ऋतूशी जोडला गेलेला संबंध मात्र बऱ्यापैकी अलीकडचा आहे.

वाफेची गोष्ट सुरू होते ती भीतीपासून. दूषित, दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतात, या समजुतीवर युरोपातील वैद्यक शतकानुशतके उभे होते आणि प्लेगच्या साथीत वास शुद्ध करणे हा औषधोपचारच मानला जात असे. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत सरकारने प्लेगविषयक आज्ञा छापून काढल्या आणि त्यांच्या जोडीला वैद्यांचा सल्लाही प्रसिद्ध केला. त्या काळच्या अशा सल्ल्यांत घर धुपवण्याची एक कृती येते. जहाल व्हिनेगरमध्ये थोडे गुलाबपाणी घालावे, त्यात रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या फांद्या टाकाव्यात, गारेचे पाच-सहा दगड विस्तवात लालबुंद तापवून त्या पात्रात सोडावेत आणि उसळणारी वाफ घरात ठिकठिकाणी फिरवावी. आजच्या पातेल्याचा याहून जवळचा पूर्वज शोधूनही सापडणार नाही. रोझमेरी तर आजही अनेकांच्या पातेल्यात असते. फरक हेतूचा आहे. त्या घरातील माणसे वाफ सोडत होती ती प्रसन्न वाटावे म्हणून नव्हे, तर जीव वाचावा म्हणून.

ज्यांना परवडे ते याच काळात पोमँडर बाळगत. ही सुगंधी द्रव्यांनी भरलेली, छिद्रे पाडलेली धातूची गोळी गळ्यात किंवा कमरेला लटकवली जाई. लवंगा टोचलेले संत्रे हा तिचा स्वस्त अवतार होता, आणि नाताळच्या सजावटीत तो अजून टिकून आहे.

बरणीतील पोपुरी ही मात्र दिवाणखान्याची निर्मिती आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्स व इंग्लंडमधील श्रीमंत घरांत ती बनवली जाई, आणि तिची जुनी, ओली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गुलाबाच्या पाकळ्या पूर्ण वाळू न देता, चामड्यासारख्या लवचीक होईपर्यंतच सुकवल्या जात. मग बरणीत पाकळ्यांचा एक थर आणि जाड्या मिठाचा एक थर असे रचून त्यावर वजन ठेवले जाई. मिठाने पाकळ्यांतील पाणी सुटे, मिश्रण हळूहळू मुरे, रोज ढवळले जाई आणि काही आठवड्यांनी त्याची काळपट, घट्ट वडी तयार होई. आपल्याकडील लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणली तर ही क्रिया लगेच ध्यानात येते. ती वडी कुस्करून त्यात लवंग, दालचिनी, जायफळ, ऊद आणि ऑरिसचे मूळ मिसळले जाई. ऑरिस म्हणजे आयरिस या फुलझाडाचा कंद. टस्कनी प्रांत त्याच्यासाठी प्रसिद्ध होता आणि खणून काढल्यावर काही वर्षे वाळवून ठेवल्यानंतरच त्याला जांभळ्या व्हायोलेट फुलांसारखा वास येतो. स्वतःच्या वासापेक्षाही इतर सुगंध धरून ठेवण्याच्या गुणासाठी तो वापरला जाई. असे मिश्रण दिसायला मुळीच देखणे नसे, पण त्याचा वास वर्षानुवर्षे टिके.

दिसायला कळकट म्हणूनच त्याला झाकणारे पात्र देखणे लागे. फ्रान्समधील सेव्र येथील राजाश्रित चिनीमातीच्या कारखान्याने अठराव्या शतकाच्या मध्यास घडवलेली पोपुरीची पात्रे आज संग्रहालयांत आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पात्र शिडाच्या जहाजाच्या आकाराचे असून त्याच्या झाकणातील छिद्रांतून सुगंध बाहेर पडे. पंधराव्या लुईच्या दरबारातील मादाम द पाँपादूर हिच्याकडेही असे एक जहाज होते. या पात्रांत उष्णता कुठेच नाही. पाहुणे यायच्या वेळी झाकण उघडायचे आणि ते गेले की बंद करायचे, एवढाच व्यवहार. शिवाय ही सारी उन्हाळ्याची बेगमी होती. गुलाब जूनमध्ये फुलत आणि त्यांचा वास हिवाळ्यासाठी साठवला जाई. शरद ऋतूचा या बरणीशी काही संबंध नव्हता.

मग आज ज्याला अमेरिकेत ‘फॉलचा’, म्हणजे शरदाचा, वास म्हणतात तो आला कुठून? त्या वासातील प्रमुख घटकांपैकी एकही उत्तर अमेरिकेतील नाही. जायफळ आणि जायपत्री इंडोनेशियातील बांदा बेटांवरची, लवंग त्यांच्या उत्तरेकडील मालुकू बेटांवरची, अस्सल दालचिनी श्रीलंकेची. या मालासाठी झालेला रक्तपात सुगंधाच्या चर्चेत सहसा येत नाही, पण यायला हवा. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझून कूनने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटे जिंकली, तेव्हा तेथील बहुतांश रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी बांदातील रन या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी न्यू ॲमस्टरडॅमवरचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कवरचा. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने लवंग व जायफळाची रोपे चोरून मॉरिशसला आणवली. यथावकाश लवंग झांजिबारला आणि जायफळ ग्रेनाडाला पोहोचले आणि एकेकाळी कुलपात ठेवले जाणारे मसाले किराणा दुकानाच्या फळीवर आले.

अमेरिकेत हे मसाले शरदाशी जोडले गेले ते स्वयंपाकघरातून. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स या लेखिकेचे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखकाने लिहिलेले पहिले पाककृतींचे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्यात लाल भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत, एकीत जायपत्री, जायफळ आणि आले, तर दुसरीत काकवी, ऑलस्पाइस हा मिरीसारख्या दाण्यांचा मसाला आणि आले. भोपळा आणि सफरचंद ही शरदातील पिके, आणि त्यांची गोड पक्वान्ने याच मसाल्यांनी बनत. १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग म्हणून जाहीर केला आणि न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्येकडील राज्यांचा, हा जेवणाचा सण देशाचा झाला. भोपळ्याची ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि तिचा वास त्याच्याबरोबर सर्वत्र गेला. १९३४ मध्ये मॅकॉर्मिक कंपनीने ‘पम्पकिन पाय स्पाइस’ हे तयार मिश्रण डबीत घालून विकायला काढले आणि २००३ मध्ये स्टारबक्सने त्याच मसाल्याची कॉफी आणली. भोपळ्याला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतो. ज्याला भोपळ्याचा वास म्हणून ओळखले जाते तो खरे तर बांदा, मालुकू आणि श्रीलंका यांचा आहे.

दरम्यान घर सुगंधित करण्यामागचे वैद्यकीय कारण संपले होते. रोगजंतूंचा शोध लागून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूषित हवेचा सिद्धांत मागे पडला, तेव्हा सुगंध निव्वळ हौसेचा विषय उरला. त्याच सुमारास रसायनशास्त्राने सुगंध प्रयोगशाळेत तयार करायला सुरुवात केली. १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी कूमारिन हे सुगंधी द्रव्य आणि १८७४ मध्ये टीमान व हार्मान यांनी व्हॅनिलाचा मुख्य घटक व्हॅनिलिन बनवला. दुसऱ्या महायुद्धात कीटकनाशकासाठी विकसित झालेला फवाऱ्याचा डबा युद्धानंतर घरात शिरला आणि १९५६ मध्ये ‘ग्लेड’ हे एअर फ्रेशनर बाजारात आले. ‘नैसर्गिक’ हे विशेषण सुगंधाला लावण्याची गरज इथून पुढे पडली. प्लेगच्या वेळी गारेचे दगड तापवणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती, कारण दुसरे काही उपलब्धच नव्हते.

वाफ, मसाला आणि शरद यांची गाठ पडली ती १९७० च्या दशकानंतर. १९७३ च्या तेलसंकटात इंधन महागले आणि अमेरिकेतील अनेक कुटुंबे पुन्हा लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हकडे वळली. असा स्टोव्ह घरातील हवा फार कोरडी करतो, म्हणून त्यावर पाण्याचे बिडाचे भांडे ठेवण्याची पद्धत आहे. त्या भांड्यात दालचिनी आणि संत्र्याची साल टाकायला वेगळ्या शोधाची गरज नव्हती. १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने मंद आचेवर शिजवणारे विजेचे ‘क्रॉक-पॉट’ आणले होते आणि १९८० च्या दशकात पोपुरीची लाट आली तेव्हा तशाच घडणीची, पण वाटीएवढी, पोपुरी उकळण्याची भांडी दुकानांत दिसू लागली. त्यात घालण्यासाठी सुगंधी तेलयुक्त द्रव बाटलीत मिळे. सोय झाली, पण तो द्रव निरुपद्रवी नव्हता. तेलांबरोबरच त्यात दाहक प्रकारची डिटर्जंट द्रव्ये असू शकतात आणि सांडलेला द्रव अंगावरून चाटल्याने मांजरांची जीभ व घसा भाजल्याच्या घटना पशुवैद्यकांनी नोंदवल्या आहेत. साधी साल आणि साधे मसाले पुन्हा पसंत पडण्यामागे अशी व्यावहारिक कारणेही आहेत.

पातेल्यात नेमके काय घडते, हे पाहिले की ही पद्धत इतकी टिकाऊ का ठरली ते उमगते. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन १७६ अंश सेल्सियसला उकळते, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड सुमारे २४८ ला आणि लवंगेतील युजेनॉल सुमारे २५४ ला. पाणी तर शंभरापलीकडे जात नाही. तरीही वास सुटतो, कारण पाण्यात न मिसळणारे तेल आणि पाणी दोन्ही आपापला बाष्पदाब देतात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोघेही एकत्र वाफ होऊन निघतात. कनौजच्या देग-भपक्यात, म्हणजे अत्तर काढण्याच्या पारंपरिक भांड्यांत, अत्तर निघते ते याच तत्त्वावर. म्हणूनच झाकण न ठेवता उकळणाऱ्या पातेल्यात आधी संत्रे जाणवते, दालचिनी मागून येते आणि लवंग सर्वांत उशिरा येऊन सर्वांत उशिरा जाते. अमेरिकन बाजारातील दालचिनी बहुतांशी इंडोनेशियाची कॅसिया असते. तिची नळी जाड, टणक आणि एकाच थराची असते. श्रीलंकेच्या पापुद्र्यांच्या दालचिनीहून तिचा वास उग्र असल्याने या कामाला ती अधिक चांगली, असे माझे मत आहे, चवीच्या बाबतीत तसे म्हणता येणार नसले तरी.

मराठी वाचकाला हा वास शरदाचा वाटणार नाही. जायफळ म्हटले की आपल्याला पुरणपोळी किंवा श्रीखंड आठवते, आणि आपला आश्विन तर ‘ऑक्टोबर हीट’चा. तरीही वस्तू शिजवून सुगंध काढण्याचा विचार मराठीला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाची जी दुर्मीळ पोथी अभ्यासली, तिच्यात मूळ संस्कृत मजकुरावर मराठी टीका आहे आणि गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. त्याच पोथीत गंगाधराचा ‘गंधसार’ आहे. त्यात सुगंधी द्रव्यांवर करायची सहा कर्मे सांगितली आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यांपैकी पाचन म्हणजे शिजवणे. सिमर पॉटचा उगम इथे आहे असे मुळीच सुचवायचे नाही. दोन्ही परंपरा परस्परांहून स्वतंत्रपणे वाढल्या, आणि आपल्याकडे घरासाठी धुपाटणे व ऊद हाताशी असल्यामुळे पातेल्याची गरज भासली नसावी.

आता वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या, मसाले आणि पाइनच्या डहाळ्या काचेच्या बरणीत रचून भेट देण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि दिसायला ती बरणी अठराव्या शतकातील पोपुरीची नात वाटते. प्रत्यक्षात दोघींचा स्वभाव उलटा आहे. जुन्या बरणीत मीठ होते, त्यामुळे ती कुरूप दिसली तरी वर्षानुवर्षे पुरे. आजच्या पातेल्यात ओली फळे आणि पाणी असते. रात्री गाळून फ्रिजमध्ये ठेवले तरी दोन-तीन दिवसांत त्यातला वास उतरतो आणि बाहेर राहिले तर बुरशी धरते. मध्येच पाणी आटले तर सफरचंदातील साखर तळाला करपते, आणि तो वास मात्र पडद्यांतून लवकर जात नाही.