शाकारणी, पंचनामा आणि सर्व्हेअर

मृग निघायच्या आत घर शाकारून घ्यायचं, ही कोल्हापूर जिल्ह्यातली जुनी रीत. मे महिन्यात शिडी लावून माणसं वर चढायची, खापरी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेली रीप बदलायची आणि कौलं पुन्हा एकावर एक बसवायची. 1865 साली मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने कौलांचा कारखाना काढला. तशी खाचेची मंगळुरी कौलं पुढे आपल्याकडेही आली आणि दरवर्षी अख्खं छप्पर उतरवायची गरज उरली नाही. तरी वर चढून बघायची सवय टिकली होती. पत्रा आणि स्लॅब आल्यावर तीही सुटली. छपराच्या विम्यावरून आज जी भांडणं होतात, त्यातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ मला तरी इथे दिसतं.

विमा म्हटलं की कोल्हापूरकराला पूर आठवतो. 2005, 2019, 2021 ही सालं कोण विसरेल? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरंही सांगतात. छपरावर मात्र घाला येतो तो वळवाचा. दुपारभर अंगाची लाही, मग धूळ, वारा, गारा, आणि अर्ध्या तासात पत्रा शेजारच्या परड्यात.

अशा वेळी पिढ्यान् पिढ्या एकच वाट माहीत आहे: तलाठ्याला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. आपण त्या पैशाला नुकसानभरपाई म्हणतो, पण सरकारी निकषात ती मदत आहे. 2022 पासूनच्या निकषांत पक्क्या घराची अंशतः पडझड किमान 15 टक्के असेल तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000. एवढ्यात छप्पर उभं राहत नाही.

दुसरी वाट विम्याची, आणि ती घरांसाठी आखलेलीच नव्हती. 1850 मध्ये कलकत्त्यात पहिली सर्वसाधारण विमा कंपनी निघाली. पुढे बराच काळ हा धंदा जहाजं, गोदामं, गिरण्या यांच्याभोवतीच फिरला. विमा कायद्याच्या 1968 च्या दुरुस्तीने ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या जाणकाराची, पाहणी बंधनकारक झाली. 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन 107 विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या. घराचा विमा मात्र आगीच्या पॉलिसीच्या शेपटालाच राहिला. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी आली. तिच्यात वादळ, पूर, दरड हे सगळं येतं. घराची विम्याची रक्कम कमी लावली होती म्हणून क्लेमला कात्री लावायची जुनी पद्धतही तिने बंद केली. हा मोठाच दिलासा, पण अनेकांना ठाऊक नाही. गृहकर्जासोबत काढलेली पॉलिसी बँकेच्या फाइलमध्येच पडून असते.

पंचनामा बघतो किती गेलं. सर्व्हेअर बघतो कशानं गेलं. वाऱ्यानं उडालं तर क्लेम, गंजून सुटलं तर नाही, कारण झीज पॉलिसीबाहेर असते. गेल्या वळवात आमच्या गल्लीत हे जवळून बघितलं. सर्व्हेअरने पडलेला पत्रा उलटा केला आणि हुकाच्या भोकावरून अंगठा फिरवला. दोन भोकं ओढली जाऊन लांबट झाली होती, कडा चकचकीत. तो वाऱ्याचा ताण. तिसऱ्याची कड तपकिरी, बोटाला भुगा लागला. “हे आधीचं आहे,” ते म्हणाले. घरमालक काका गडबडले. शेवटी सुनेच्या मोबाइलमध्ये संक्रांतीला गच्चीवर काढलेला फोटो सापडला. मागे तोच पत्रा, सगळे हुक जागेवर, वायसरसकट. सर्व्हेअरने तो फोटो मागून घेतला आणि अहवालाला जोडला. पत्रे बसवल्याचं बिल मात्र काकांनी जपलेलं नव्हतं, ते दुकानदाराकडून काढून आणायला आठवडा गेला.