ग्लुकोसिनोलेटे

ग्लुकोसिनोलेटे ही मोहरीच्या कुळातील वनस्पतींमध्ये आढळणारी गंधकयुक्त संयुगे आहेत. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, सलगम, हळीव आणि खुद्द मोहरी यांची तिखट-कडवट चव मुख्यतः त्यांच्यामुळे येते. शंभराहून अधिक ग्लुकोसिनोलेटे आतापर्यंत ओळखली गेली आहेत. प्रत्येक रेणूत ग्लुकोजचा घटक, सल्फेटचा गट आणि अमिनो आम्लापासून तयार झालेली एक बाजूची साखळी असते. ही साखळी बदलली की संयुगाचे गुणधर्मही बदलतात.

आरोग्याच्या संदर्भात या भाज्यांची जी ख्याती आहे, ती खरे तर ग्लुकोसिनोलेटे मोडल्यावर तयार होणाऱ्या पदार्थांची. अखंड पानात ही संयुगे आणि त्यांना तोडणारे मायरोसिनेज हे एंझाइम वेगवेगळ्या जागी साठवलेले असते. पान चिरले, चावले किंवा अळीने कुरतडले की दोन्ही एकत्र येतात, ग्लुकोज सुटते आणि उरलेल्या अस्थिर भागापासून आयसोथायोसायनेटे, नायट्राइले वा थायोसायनेटे बनतात. काळ्या मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर फारसा वास येत नाही, पण पाण्यात वाटला की काही मिनिटांत नाकात झणका जातो. हे काम सिनिग्रिन या मोहरीतील ग्लुकोसिनोलेटापासून तयार झालेल्या ॲलिल आयसोथायोसायनेटचे. ते चेतातंतूंवरील टीआरपीए१ या ग्राहीला चेतवते. वनस्पतीच्या दृष्टीने हा सगळा बंदोबस्त कीटकांविरुद्धचा आहे. तरीही कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या त्याला पुरून उरतात. त्यांच्या आतड्यातील एक प्रथिन विघटनाची दिशा वळवते आणि घातक आयसोथायोसायनेटांऐवजी नायट्राइले तयार होतात.

माणसाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यास सल्फोराफेनचा झाला आहे. ब्रोकोलीतील ग्लुकोराफॅनिन या ग्लुकोसिनोलेटापासून ते बनते. 1992 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलॅले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून ते वेगळे केले आणि पेशींतील संरक्षक एंझाइमांना ते चालना देते, असे दाखवले. 1997 मध्ये याच गटाने तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या कोंबांत पक्व गड्ड्यापेक्षा 10 ते 100 पट ग्लुकोराफॅनिन असू शकते, असे नोंदवले. कोंबांची बाजारपेठ उभी राहिली ती त्यानंतर.

सल्फोराफेन स्वतः मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) फारशी टिपत नाही, त्यामुळे त्याला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणणे ढिलेपणाचे आहे. पेशीत एनआरएफ२ हे प्रथिन एरवी कीप१ या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेले राहते आणि सतत नष्ट होत असते. सल्फोराफेन कीप१ मधील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी जोडले जाते. मग एनआरएफ२ वाचते, केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, क्विनोन रिडक्टेज यांसारखी एंझाइमे बनवणारी जनुके चालू करते. थोडक्यात, सौम्य विषाचा इशारा मिळाल्यावर पेशी विषनिवारणाची तयारी वाढवते. चीनमधील छितुंग भागात 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्रोकोलीच्या कोंबांचे पेय 12 आठवडे देण्यात आले. प्रदूषित हवेतून शरीरात गेलेल्या बेंझीनच्या अवशेषांचे लघवीवाटे उत्सर्जन त्यामुळे सुमारे 61 टक्क्यांनी वाढले. मात्र उत्सर्जन वाढणे म्हणजे आजार टळणे नव्हे.

ग्लुकोब्रॅसिसिन या दुसऱ्या ग्लुकोसिनोलेटापासून इंडोल-३-कार्बिनॉल मिळते. जठरातील आम्लात त्याचे रेणू जुळून डायइंडोलिलमिथेन तयार होते आणि इस्ट्रोजेनच्या चयापचयावर त्याचा परिणाम होतो. पूरक गोळ्यांच्या जाहिरातींत एक गोष्ट सहसा येत नाही: ट्राउट माशांना ॲफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या कर्करोगकारक विषाच्या आधी इंडोल-३-कार्बिनॉल दिले तेव्हा यकृताचा कर्करोग कमी झाला, पण ॲफ्लाटॉक्सिननंतर दीर्घकाळ दिले तेव्हा गाठी वाढल्या. एनआरएफ२ बाबतही हीच अडचण आहे. कर्करोग झालेल्या पेशीत तेच प्रथिन त्या पेशीचेही रक्षण करते. भाजीच्या प्रमाणातील सेवनाला हा धोका लागू होतो, असे समजण्याचे कारण नाही. संहत अर्कांबाबत मात्र सावधपणा हवा.

लोकसंख्येवरील अभ्यास संमिश्र आहेत. कर्करोग झालेल्यांना जुना आहार विचारून केलेल्या अभ्यासांत या भाज्यांचा फायदा ठळक दिसतो. निरोगी माणसांच्या आहाराची आधी नोंद घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले की तो फिका पडतो, कधी दिसतही नाही. शिवाय आयसोथायोसायनेटे शरीराबाहेर टाकण्यात भाग घेणारे जीएसटीएम१ हे जनुक अनेकांत नसतेच. म्हणून एकाच भाजीचा परिणाम सर्वांवर सारखा होईलच असे नाही.

शिजवण्याची पद्धत येथे निर्णायक ठरते. भरपूर पाण्यात उकळल्यास ग्लुकोसिनोलेटे पाण्यात उतरतात आणि मायरोसिनेज निकामी होते. मग मोडण्याचे काम आतड्यातील जिवाणूंवर पडते आणि आयसोथायोसायनेटे बरीच कमी बनतात. थोडा वेळ वाफवणे अधिक चांगले. ब्रोकोली सुमारे 60 अंश सेल्सियसपर्यंत तापवली तर सल्फोराफेन कच्च्या भाजीपेक्षाही जास्त मिळते, कारण विघटन नायट्राइलांकडे वळवणारे प्रथिन त्या तापमानाला मरते आणि मायरोसिनेज तगते. पूर्ण शिजलेल्या भाजीवर मोहरीची कच्ची पूड घातली तर बाहेरचे मायरोसिनेज मिळून हे काम पुन्हा सुरू होते.

दुसरी बाजू गलगंडाची. 1928 मध्ये कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचे जॉन्स हॉपकिन्स येथेच नोंदवले गेले. प्रोगॉइट्रिन या ग्लुकोसिनोलेटापासून बनणारे गॉइट्रिन अवटू (थायरॉइड) ग्रंथीत संप्रेरक तयार होण्यात अडथळा आणते, तर थायोसायनेट ग्रंथीत आयोडीन शिरू देत नाही. आयोडीन पुरेसे मिळत असलेल्या माणसाने नेहमीच्या प्रमाणात या भाज्या खाल्ल्या तर चिंतेचे कारण नाही. टोकाचे उदाहरण 2010 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले: 88 वर्षांची एक स्त्री कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्ची बोक चॉय ही चिनी पालेभाजी खात होती आणि अवटून्यूनतेमुळे बेशुद्धावस्थेत गेली.

जनावरांच्या बाबतीत प्रश्न अधिक व्यावहारिक आहे, कारण त्यांचा चारा एकसुरी असतो. रेप या मोहरीच्या कुळातील तेलबियांच्या पेंडीतील ग्लुकोसिनोलेटांमुळे ती खाद्य म्हणून मर्यादितच वापरता येई. कॅनडात 1974 साली आलेल्या ‘टॉवर’ या वाणात ग्लुकोसिनोलेटे आणि तेलातील इरुसिक आम्ल दोन्ही कमी होती, आणि कॅनोला पीक त्यातूनच पुढे आले. केल या कोबीवर्गीय पालेभाजीसारख्या चाऱ्याने गाईगुरांना होणारा रक्तक्षय मात्र ग्लुकोसिनोलेटांमुळे होत नाही. त्याचे कारण या वनस्पतींतील एस-मेथिल सिस्टीन सल्फॉक्साइड हे वेगळे गंधकसंयुग असून, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू त्यापासून तांबड्या पेशी फोडणारे डायमेथिल डायसल्फाइड तयार करतात.