पॉलिईन प्रतिजैविके आणि पेशीपटलाची पारगम्यता

पॉलिईन प्रतिजैविके हा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळणाऱ्या बुरशीनाशक औषधांचा गट आहे. निस्टॅटिन, अँफोटेरिसिन-बी, नाटामायसिन आणि फिलिपिन ही त्यातली परिचित नावे. पेशीपटलातल्या स्टेरॉलला, म्हणजे एका प्रकारच्या मेदघटकाला, ही औषधे चिकटतात. बुरशीच्या पटलात मुख्यतः अर्गोस्टेरॉल असते, माणसाच्या आणि प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल. औषधाची ओढ अर्गोस्टेरॉलकडे जास्त, पण कोलेस्टेरॉलही त्याच्या तावडीतून पूर्ण सुटत नाही. या औषधांचा उपयोग आणि उपद्रव दोन्ही याच फटीतून येतात.

नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला स्टेरॉलचे महत्त्व वेगळ्या वाटेने कळलेले असते. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस रेंगाळला की डावणी रोगाची धास्ती असते, पुढे भुरी रोगाची. भुरीसाठीचे हेक्झाकोनॅझोल हे ट्रायझोल गटातले औषध डावणीवर मारले तर पैसे पाण्यात. भुरी ही खरी बुरशी. ती स्वतःचे स्टेरॉल तयार करते आणि ट्रायझोल ते तयार होणेच अडवते. डावणी ज्यामुळे होते तो प्लाझ्मोपारा व्हिटिकोला बुरशीसारखा दिसला तरी ऊमायसीट कुळातला. तो स्टेरॉल बनवतच नाही, मग अडवायचे काय? पॉलिईनचा मार्ग निराळा, ती तयार अर्गोस्टेरॉलला धरतात. पण ऊमायसीटपुढे त्यांचीही गत तीच. म्हणून मुळे कुजवणारे पिथियम किंवा फायटोफ्थोरा हे ऊमायसीट मातीतून वेगळे काढताना वाढीच्या माध्यमात नाटामायसिन घालतात. इतर बुरशी दबतात, हे मात्र वाढत राहतात.

निस्टॅटिनचा शोध 1950 साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी जाहीर केला. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात त्या काम करत आणि औषधाचे नावही त्या राज्यावरूनच पडले. अँफोटेरिसिन व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून, 1950च्याच दशकात मिळाले.

अँफोटेरिसिनचे काही रेणू स्टेरॉलसह पटलात वर्तुळाने उभे राहतात आणि मध्ये सुमारे 0.8 नॅनोमीटरचे छिद्र पडते, असे जुने चित्र आहे. पेशीत पोटॅशियम 140 मिलिमोलरच्या आसपास असते, बाहेरच्या माध्यमात जेमतेम 5. छिद्र पडताच पोटॅशियम बाहेर धावते, सोडियम आत शिरते. बुरशी मरते ती मात्र केवळ या गळतीने नव्हे, तर औषधाने स्पंजासारखे अर्गोस्टेरॉल शोषून घेतल्याने, असा पुरावा 2012 नंतर पुढे आला. नाटामायसिन तर छिद्र न पाडताच बुरशी मारते.

पेशीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत पेशी वाढवताना, पावसाळा जवळ आला की भीतीपोटी प्रत्येक बाटलीत अँफोटेरिसिन घालण्याची सवय लागते. गुलाबी माध्यमात कापसाच्या पुंजक्यासारखा एक ठिपका दिसला की चार महिन्यांची मेहनत गेली, हे ज्याने भोगले आहे त्याला ही सवय पटते. नेहमीची मात्रा मिलिलिटरला 0.25 ते 2.5 मायक्रोग्रॅम. एवढ्याने बहुतेक पेशी मरत नाहीत, पण पोटॅशियम झिरपू शकते. ते भरून काढण्यासाठी सोडियम-पोटॅशियम पंपाला जादा एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, जाळावे लागते, आणि पोटॅशियम फार घसरले तर प्रथिननिर्मिती मंदावते. मात्रा वाढवली तर पाणी आत शिरून पेशी फुगते आणि फुटते. माध्यमात सुक्रोज असेल तर हे फुटणे लांबते, कारण सुक्रोज त्या छिद्रातून सहजी जात नाही. माध्यमातले सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, हेही काही अंशी आवर घालते, त्यातली लिपोप्रोटीने औषध बांधून ठेवतात.

फसगत होते ती मोजणीत. ट्रिपॅन ब्ल्यू हा रंग घालून काचेच्या मोजणी-चौकटीत पाहिले की जिवंत पेशी चकचकीत दिसतात, मेलेल्या निळ्या. पण ट्रिपॅन ब्ल्यूचा रेणू या छिद्राच्या मानाने मोठा. आयने गळत असलेली पेशीही चकचकीतच दिसते आणि वहीत ‘95 टक्के जिवंत’ अशी नोंद होते. मोठे विकर असलेले लॅक्टेट डीहायड्रोजिनेजही पटल पुरते फाटल्यावरच बाहेर येते. सुरुवातीची इजा पकडायची तर पोटॅशियम मोजावे.

या गळतीचा संशोधकांनी फायदाही करून घेतला. ॲक्टिनोमायसिन-डी हे कर्करोगावरचे औषध आत शिरू न देणाऱ्या, त्याला दाद न देणाऱ्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) अँफोटेरिसिनच्या साथीने त्याला बळी पडतात, असे 1975 साली दिसून आले. विद्युत मोजमापासाठी 1988 पासून निस्टॅटिनने पेशीला सूक्ष्म छिद्रे पाडतात. प्रथिने आतच राहतात आणि आयनांची ये-जा मोजता येते.

रुग्णाच्या शरीरात हीच गळती मूत्रपिंडाच्या पेशींना भोवते. 2021 साली काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या, साथीत हे औषध नाशिकसह महाराष्ट्रभर घरोघरी माहीत झाले. तेव्हा नातेवाईक जे शोधत होते ते बहुधा लायपोसोममध्ये भरलेले रूप होते, ज्यात औषध मेदाच्या सूक्ष्म फुग्यात अडकवून मूत्रपिंडावरचा ताण कमी केलेला असतो.

पटलाच्या पारगम्यतेवर, म्हणजे त्यातून काय आरपार जाते यावर, प्रयोग करायचा असेल तर आधी काही पिढ्या पेशी या औषधाविना वाढवाव्या लागतात. बुरशी लागलीच, तर ती बाटली संवर्धनाच्या खोलीत न उघडता थेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकलेली बरी.