मुंबई विद्यापीठात माध्यम विषयांचे एमए: अर्जाआधी कोणते कागद तयार हवेत

कलिना येथील विद्यानगरी संकुलात मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन आणि पत्रकारिता विभाग आहे. पत्रकारिता, जनसंपर्क, इलेक्ट्रॉनिक माध्यमे, टेलिव्हिजन, चित्रपट अशा विषयांतले एमए इथे चालवले जाते. यंदा कोणते अभ्यासक्रम सुरू आहेत आणि निवड कशी होणार, हे त्या वर्षीच्या प्रवेश सूचनेतच पाहावे. मागच्या वर्षीच्या सीनिअरने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नये.

पदवी कोणत्याही शाखेची चालते. बीएएमएमसी, म्हणजे पूर्वीचे बीएमएम, केलेले असलेच पाहिजे असे नाही. शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असला तरी अर्ज भरून ठेवावा, पण केटी, म्हणजे नापास झालेला विषय, शिल्लक असेल तर प्रवेश पक्का होत नाही. पदवीच्या टक्क्यांवरच सगळे ठरेल असेही धरून चालू नका. प्रवेश परीक्षा असेल तर तिचे वेळापत्रक आणि हॉल तिकीट याकडे स्वतःच लक्ष ठेवावे लागते. दोन अभ्यासक्रम हवे असतील तर दोन्ही पर्याय अर्जात नोंदले गेले आहेत ना, ते शुल्क भरण्याआधी तपासा.

अर्ज ऑनलाइन आहे आणि तासाभरात भरून होतो. अडचण बहुधा नावापासून सुरू होते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. आधारवर क्रम उलटा आणि आईचे नाव गायब. मुलींच्या नावाआधी गुणपत्रिकेवर एक तिरकी रेघ दिसते. ती नावाचा भाग नव्हे, टाइप करू नका. एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट नोंदवणाऱ्या खात्याचा क्रमांक) डिजिलॉकरमधून, म्हणजे आधारच्या नावाने निघतो, त्यामुळे स्पेलिंगमधले एखादे जास्तीचे ‘ए’सुद्धा पुढे नडते. आधारची दुरुस्ती आधी उरकून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

खरी गफलत होते ती पदवी कोणत्या विद्यापीठाची, या प्रश्नावर. कॉलेज मुंबईत आहे म्हणून पदवी मुंबई विद्यापीठाचीच असेल असे नाही. एसएनडीटी हे वेगळे विद्यापीठ आहे. केसी आणि एचआर ही कॉलेजे 2020पासून एचएसएनसी विद्यापीठात आहेत. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवीही बाहेरचीच. या सगळ्यांना आपापल्या विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला) काढावे लागते आणि पात्रतेची वेगळी प्रक्रियाही करावी लागते. याउलट झेवियर्स किंवा रुईया स्वायत्त असली तरी मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथल्यांना मायग्रेशनची गरज नाही. कॉलेजचे ट्रान्सफर सर्टिफिकेट मात्र लागतेच. शंका असेल तर पदवी प्रमाणपत्रावर सर्वांत वर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले आहे ते पाहा. मायग्रेशन लगेच हातात येत नाही, म्हणून गुणवत्ता यादीची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करा.

बाकी फाइलमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, फोटो आणि सही लागते. एखाद्या सत्रात केटी असेल तर नापास आणि पास दोन्ही गुणपत्रिका जोडा, नाहीतर पडताळणीत विचारणा होते. मध्ये वर्षे गेली असतील तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. मूळ कागद पडताळणीपुरते दाखवायचे असतात. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असे यूजीसीने 2018 साली स्पष्ट केले आहे. झेरॉक्सचे स्वसाक्षांकित दोन-तीन संच सोबत न्यावेत.

आरक्षणाचा दावा असेल तर जातीचा दाखला एकटा पुरत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना मुदतीतले नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र लागते. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, त्यामुळे मार्चपर्यंत काढलेला जूनमध्ये उपयोगाचा नसतो. केंद्राच्या नमुन्यातले दाखले राज्याच्या प्रवेशाला देऊ नका, ही चूक स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांकडून हमखास होते. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा सेतू केंद्र आहे. उपनगरवाल्यांचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला, शहरातल्यांचे फोर्टला. दुसऱ्या राज्याचा जातीचा दाखला असलेल्यांना खुल्या प्रवर्गातच धरले जाते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, 88 क्रेडिटचा. नव्या रचनेत पहिल्या वर्षाची 44 क्रेडिट मिळवून पदव्युत्तर पदविकेसह बाहेर पडता येते. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण असते, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी तासांचा हिशेब प्रवेशाआधीच करावा.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. जोडणी जुन्या, बंद पडलेल्या खात्याशी असेल तर अर्ज मंजूर होऊनही रक्कम अडकते. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न करता नूतनीकरणाचा पर्याय निवडायचा.